क्लोरीनचा वास आणि कर्करोगाची भीती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या पायरीवर आमच्या गल्लीतल्या एक मावशी मला थांबवून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पाण्याच्या लॅबमध्ये होता ना? मग हे वाचा." त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्याने कॅन्सर होतो, हे तुमच्यापासून लपवले जाते, आजच सावध व्हा. खाली पाणी शुद्ध करण्याच्या मशीनची जाहिरात, हप्त्याच्या सोयीसकट.

मी घाईत होतो. "मावशी, यातले अर्धे खरे आहे," एवढेच बोललो आणि निघालो.

मावशींनी ते अर्धेच धरून ठेवले. आशाताईंनी दिलेली मेडिक्लोरची बाटली त्यांनी फळीवर डब्यांच्या मागे सारली. महिनाभराने त्यांच्या नातवाचे डोळे पिवळे झाले. त्याच सुमारास गल्लीत आणखी काही घरांत कावीळ निघाली, त्यामुळे मुलाला ती घरच्याच पाण्यातून झाली असे छातीठोक सांगता येणार नाही. शाळेच्या पाण्यातून झाली असेल, गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्यातूनही झाली असेल. मुलगा बरा झाला. पण घरात सून सात महिन्यांची गरोदर होती. ते दोन आठवडे त्या घराने कसे काढले ते मी पाहिले आहे. माझ्या अर्ध्या उत्तराचा राहिलेला भाग म्हणून हा लेख.

आधी त्या मेसेजमधले खरे काय ते पाहू.

क्लोरीन पाण्यातले जंतू मारते हे आपण जाणतो. पण पाण्यात फक्त जंतू नसतात. मुंबईचेच उदाहरण घ्या. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा ही धरणे जंगलाच्या कुशीत आहेत. साग, ऐन, पळस यांचा पाला वर्षभर जमिनीवर पडतो, कुजतो आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याचा अर्क वाहत तलावात उतरतो. चहाची पत्ती पाण्यात भिजत ठेवली की पाणी तांबूस होते, तसाच हा प्रकार. त्यात शेवाळ्याची भर. हा कुजका सेंद्रिय अंश फार विषारी नसतो, पण क्लोरीन त्याच्याशी गाठ पडताच त्याच्याशी रासायनिक क्रिया करते आणि नवे पदार्थ तयार होतात. यांना निर्जंतुकीकरणाचे उपपदार्थ म्हणतात. त्यांतले मुख्य घराणे ट्रायहॅलोमीथेन. यात चार भावंडे आहेत, आणि त्यांतला थोरला म्हणजे क्लोरोफॉर्म. होय, पूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यायला वापरायचे तेच. दुसरे घराणे हॅलोअॅसेटिक आम्लांचे.

हे उघडकीला आले १९७४ साली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यात योहानेस रूक नावाचे रसायनतज्ज्ञ होते. क्लोरीन घालण्याआधी नसलेले क्लोरोफॉर्म नंतर पाण्यात कुठून येते, याचा शोध त्यांनी लावला. पाच वर्षांत, १९७९ मध्ये, अमेरिकेने या चार पदार्थांच्या एकत्रित प्रमाणावर मर्यादा घातली: लिटरला १०० मायक्रोग्रॅम. पुढे ती ८० वर आणली. म्हणजे लपवाछपवीचा आरोप टिकत नाही. ही माहिती पन्नास वर्षांपासून पुस्तकात आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत कुणी आणली नाही, एवढे मात्र खरे.

आपल्या देशातही मर्यादा आहे. भारतीय मानक ब्युरोचे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस १०५००. त्यात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोफॉर्मला ०.१, डायब्रोमोक्लोरोमीथेनला ०.१ आणि ब्रोमोडायक्लोरोमीथेनला ०.०६ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा दिली आहे. नावे पाठ करण्याची गरज नाही, पण लेखाच्या शेवटाकडे त्यांचे काम पडणार आहे. ०.२ मिलिग्रॅम म्हणजे किती? छपरावरच्या हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅमचा पाचवा भाग.

आता कर्करोगाचे. क्लोरोफॉर्म फार मोठ्या मात्रेत उंदीर-घुशींना दिले तेव्हा त्यांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला "माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेला" या गटात टाकले आहे. "नक्की करणारा" हा गट वेगळा. त्यात तंबाखू आहे. माणसांवरच्या अभ्यासांत सर्वांत जास्त वेळा पुढे आलेला संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे, तोही तीस-चाळीस वर्षे असे पाणी पिणाऱ्यांत. युरोपातल्या देशांची आकडेवारी जमवून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने असा अंदाज काढला, की तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ५ जणांच्या मागे हे उपपदार्थ असावेत. पाच ही संख्या लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पण याच रोगाचे सर्वांत मोठे कारण बिडी-सिगारेट आहे, हे त्या मेसेजमध्ये कुठे होते? नळाच्या पाण्याला भिऊन दारात बसून बिडी ओढणारे काका मी पाहिले आहेत.

(इथेच एक सांगून ठेवतो. लघवीतून रक्त गेले, आणि दुखत नसले तरी, ते उष्णतेने झाले म्हणून सब्जाचे पाणी पीत बसू नका. एकदाच गेले आणि थांबले तरी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. वेळीच सापडलेला मूत्राशयाचा कर्करोग आटोक्यात येतो.)

गरोदर बायांबद्दलही प्रश्न विचारला जातो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्या बाया जास्त ट्रायहॅलोमीथेनचे पाणी दिवसाला पाच ग्लास किंवा त्याहून अधिक पीत होत्या, त्यांच्यात गर्भपात अधिक झाले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध तसा ठळक निघाला नाही. म्हणून संशय आहे, शिक्कामोर्तब नाही.

आता त्याच गरोदर बाईच्या समोर दुसरा धोका ठेवू. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार हिपॅटायटिस ई. इतरांना तो बहुतेक वेळा सोडून जातो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला, तर शंभरांतल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत मृत्यू होऊ शकतो. हा धोका तीस वर्षांनंतरचा नाही, याच पावसाळ्यातला आहे. मावशींच्या सुनेसाठी मी का घाबरलो, ते आता कळेल. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले जुलाबाने मरतात. जागतिक आरोग्य संघटना उपपदार्थांच्या मर्यादा सांगते, आणि त्याच दमात हेही बजावते की त्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात कसूर करू नका.

भीतीची किंमत काय होते याचे उदाहरण म्हणून पेरू देशाचे नाव घेतले जाते. दक्षिण अमेरिकेत जवळजवळ शतकभर कॉलरा नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये तो पेरूच्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्या एका वर्षात तीन लाखांहून जास्त लोक आजारी पडले, जवळपास तीन हजार दगावले. तेव्हा काहींनी लिहिले, की कर्करोगाच्या भीतीने तिथल्या विहिरींत क्लोरीन घातले जात नव्हते. पुढे तपास करणाऱ्यांनी म्हटले, की भीतीपेक्षा फुटके पाइप, सांडपाणी आणि गरिबांच्या वस्त्यांकडे झालेले दुर्लक्ष हे मोठे कारण होते. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. पण दोन्ही बाजूंचे एकमत एका गोष्टीवर होते: लोकांपर्यंत पोचलेल्या त्या पाण्यात पुरेसे क्लोरीन नव्हते.

मग "क्लोरीन घाला, जास्तच घाला" असे मी म्हणतो आहे का? नाही. त्यासाठी दिल्लीची हकिकत ऐका. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत आले. केंद्रावरच्या लोकांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. टायफॉइड आणि आमांशाची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. घाण एवढी होती की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडले, आणि विषाणू मळाच्या कणांआड लपून नळापर्यंत पोचले.

सगळे गमक इथे आहे. मळ क्लोरीन खातो. म्हणजे जंतू मारायला ते उरत नाही. आणि मळ क्लोरीन खातो तेव्हाच ते उपपदार्थ तयार होतात. एकाच मळाने दोन्ही नुकसान. म्हणून आधी मळ काढायचा, पाणी स्वच्छ करायचे, मग थोडे क्लोरीन घालायचे. शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा तिच्यासारखे रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात, ते याचसाठी. जिथे कच्च्या पाण्यातच आधी भरपूर क्लोरीन ओततात, तिथे उपपदार्थ जास्त होतात. क्लोरीन जास्त, पाणी कोमट आणि साठवण लांब, या तिन्हींनी ते वाढतात.

हाच क्रम घरात कसा पाळायचा?

आपल्याकडे पाणी दोन-तीन तास येते. बाकी वेळ पाइप रिकामा, आणि शेजारून गटार. पाणी सुटताना रिकाम्या पाइपमध्ये ओढले गेलेले काय काय आधी बाहेर येते, हे नळावर उभ्या राहणाऱ्या बायांना माझ्याहून जास्त माहीत आहे. ते पहिले पाणी धुण्या-फरशीला. पिण्याचा हंडा मागून भरायचा, आणि कापडातून गाळून. गाळण्याला कुणी कमी लेखू नये. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीची कित्येक पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन तिचा धागा फुगतो आणि भोके बारीक होतात. गाळल्यावर ते कापड धुऊन उन्हात टाका.

पाणी तरीही गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा आणि निवळू द्यायचे. वरचे निवळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात. तळचा गाळ ढवळून पुन्हा वर आणू नका. आता मेडिक्लोर, बाटलीवर लिहिले आहे तेवढेच थेंब. एक थेंबही "असू दे" म्हणून जास्त नको. झाकून अर्धा तास ठेवायचे, मग प्यायचे. अर्धा तास हा जंतू मरायला लागणारा वेळ आहे. थेंब टाकून लगेच पेला भरला तर औषध पाण्यात आणि जंतू पोटात.

थेंब फक्त पिण्याच्या हंड्यात टाका. अंघोळीच्या दोनशे लिटरच्या पिंपात टाकून बाटलीही संपते आणि उपपदार्थही विनाकारण तयार होतात. ट्रायहॅलोमीथेन उडून जाणारे आहेत, ते श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातात. कोंदट मोरीत दार लावून कढत पाण्याने अंघोळ करताना ते श्वासात येतात. मोरीची झडप उघडी असू द्या. पिण्याचे पाणी रोजच्या रोज बदला. आणि गटारावर टाकायला येते ती टीसीएल पावडर चिमूटभर पिंपात टाकण्याची सवय काही घरांत आहे, ती सोडा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, उघड्या पिशवीत दमट हवेत राहिली की ते निघून जाते. म्हणजे तुमची चिमूट एक दिवस फार होते आणि एक दिवस काहीच नसते.

नळाच्या पाण्यात आधीच पुरेसे क्लोरीन असेल तर वरून थेंबांची गरज नाही. हे कसे कळणार? आशाताई, आरोग्यसेवक किंवा जलसुरक्षक यांच्याकडे क्लोरोस्कोप असतो, किंवा ओटीची बाटली. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवतात. घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे, साथीच्या दिवसांत ०.५. रंगच आला नाही तर त्या पाण्याला पाठीराखा नाही असे समजा. तपासलेले नळीतले पाणी फेकून द्या, ते रसायन पोटात जाऊ देऊ नका. लेकरे गंमत म्हणून पितात.

उकळण्याचे काय? चांगले आहे. खळखळून एक मिनिट उकळले की जंतू मरतात, आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशालाच वाफ होऊन जात असल्याने तेही बहुतेक निघून जाते. त्यासाठी झाकण मात्र काढून उकळा, खिडकी उघडी ठेवा. हॅलोअॅसेटिक आम्ले अशी वाफेबरोबर उडत नाहीत, पण म्हणून उकळणे वाया गेले असे नाही. एकच अडचण: उकळलेल्या पाण्यात क्लोरीनही उरत नाही. त्यात कुणी खरकटा पेला बुडवला की ते पुन्हा दूषित, आणि आता अडवणारे कुणी नाही. लांब दांड्याचे ओगराळे वापरा किंवा तोटीचे भांडे. गॅसचा भाव पाहता दररोज सगळ्यांसाठी उकळणे जमत नसेल, तर निदान गरोदर बाई, तान्हे मूल आणि आजारी माणूस यांच्यापुरते तरी उकळा.

आणि ती मशीन? कोळशाचा फिल्टर उपपदार्थ खरोखर शोषून घेतो, हे कबूल करायला हवे. पण तो क्लोरीनही शोषतो. कांडी वेळेवर बदलली नाही तर तिच्यातच जंतू घर करतात, आणि बदलायचा खर्च दरवर्षीचा आहे. आरओमध्ये तर जेवढे पाणी शुद्ध होते त्याहून जास्त नळीतून वाया जाते. ज्या घरात पाणी मोजून भरतात तिथे हे परवडते का, याचा हिशेब घरच्या बाईला विचारून करा. साधे, निवळ, क्लोरीनचे पाणी येत असेल तर मी स्वतः हप्ता घेणार नाही. समुद्राजवळच्या वस्त्यांत खारट बोअरचे पाणी वापरतात, त्यात क्लोरीन घातले की ब्रोमीनचे उपपदार्थ जास्त होतात. ते पाणी वापरायला ठेवा, पिऊ नका.

एवढे सगळे घरात केले, तरी ट्रायहॅलोमीथेन किती आहे हे घरात मोजता येत नाही. वासावरून कळत नाही, चवीवरून कळत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे महागडे यंत्र लागते. म्हणून हे काम पाणी देणाऱ्या यंत्रणेचे, आणि विचारणे आपले. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात; दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाहीत, कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

अर्जात असे विचारा: "आमच्या विभागाला पुरवल्या जाणाऱ्या पाण्यात क्लोरोफॉर्म, ब्रोमोफॉर्म, डायब्रोमोक्लोरोमीथेन व ब्रोमोडायक्लोरोमीथेन यांची तपासणी गेल्या तीन वर्षांत कोणत्या तारखांना केली, नमुने कोठून घेतले, आणि निकाल काय आले, त्यांच्या प्रती द्याव्यात. तसेच आमच्या वस्तीतील नळांवरील उर्वरित क्लोरीनच्या गेल्या सहा महिन्यांतील नोंदींच्या प्रती द्याव्यात." नमुने कोठून घेतले हा प्रश्न गाळू नका. केंद्राच्या दारातला नमुना आणि टेकडीवरच्या शेवटच्या नळाचा नमुना यांत फरक असतो. केंद्राजवळ क्लोरीन जास्त आणि उपपदार्थ कमी. लांबच्या टोकाला नेमके उलटे. आपली वस्ती बहुतेक वेळा त्या टोकाला असते.

मावशींची सून सप्टेंबरात सुखरूप बाळंत झाली, मुलगी आहे. मेडिक्लोरची बाटली डब्यांच्या मागून पुढे आली आहे, हंड्याशेजारी. वरचा अर्ज आम्ही मावशींच्या नावाने लिहिला, अक्षर त्यांच्या नातवाचे. गल्लीतल्या ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी त्यांच्याकडून घेऊन झेरॉक्स काढावी आणि मूळ कागद परत द्यावा.